एका काकाचा खटला

(गेल्या गणेशोत्सवात चौथ्या दिवशी, संध्याकाळच्या आरतीनंतर केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघात झालेली पुनरुक्ती तेवढी काढली आहे.)



दरवर्षी भाषण आधी आणि प्रसाद नंतर असतो. यंदा कार्यकारिणीने क्रम उलटा केला. म्हणजे आता समोर जे बसलेले दिसतायत ते प्रसादासाठी थांबलेले नाहीत, असं मी धरून चालतो. बरं वाटतं.

मला विषय दिला होता ‘माझं आवडतं पुस्तक’. पण एकट्याने आपलं आवडतं पुस्तक वाखाणण्यात काय मजा? त्यापेक्षा गेल्या पावसाळ्यात आपल्या वाचक कट्ट्यावर एका पुस्तकावरून लागोपाठ तीन रविवार जे भांडण झालं, त्याची हकीकत सांगतो. कट्ट्यावरची बरीचशी मंडळी इथेच बसली आहेत. मी कुणाचं नाव घेणार नाही. ओळखलंत तरी त्यांच्याकडे वळून बघू नका, एवढी विनंती.

पुस्तक इंग्रजी आहे. ‘द डॉटर ऑफ टाइम’, लेखिका जोसेफिन टे, साल १९५१. जोसेफिन टे हे टोपणनाव. बाईंचं खरं नाव एलिझाबेथ मॅकिंटॉश, गाव स्कॉटलंडमधलं इन्व्हर्नेस. आधी शाळेत व्यायाम शिकवत, पुढे वडिलांचं घर सांभाळता सांभाळता लिहीत राहिल्या. नाटकं लिहिली ती गॉर्डन डेव्हियट या पुरुषी नावाने. हे पुस्तक आल्यावर पुढच्याच वर्षी, १९५२ मध्ये त्या गेल्या. ब्रिटनच्या क्राइम रायटर्स असोसिएशनने १९९० साली आजवरच्या शंभर उत्तम गुन्हेकथांची यादी केली, त्यात या पुस्तकाला पहिला नंबर दिला. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण आपल्या कट्ट्यावरच्या एका काकूंनी ते चाळिसाव्या पानावर मिटलं आणि माझ्या हातात परत दिलं. म्हणाल्या, “यात तीन एडवर्ड, दोन रिचर्ड, आणि सगळ्या बायका एलिझाबेथ. मला आमच्याच घरातल्या तीन सुनीता सांभाळता येत नाहीत.”

माझ्याकडे ते आलं गुडघ्याच्या ऑपरेशनच्या वेळी. मुलीने कॉलेज स्ट्रीटवरून जुनी प्रत आणून दिली आणि म्हणाली, “बाबा, यातला इन्स्पेक्टरही पुस्तकभर पलंगावरच आहे.” खरंच आहे. स्कॉटलंड यार्डचा इन्स्पेक्टर अ‍ॅलन ग्रँट चोराचा पाठलाग करताना खाली पडतो, पाय मोडतो, आणि इस्पितळात छताकडे बघत पडून राहतो. कंटाळलेल्या ग्रँटला त्याची एक नटी मैत्रीण जुन्या चित्रांच्या नकला आणून देते. त्याला चेहरे वाचायचा नाद असतो ना! त्यातला एक चेहरा बघून त्याला वाटतं, हा माणूस न्यायाधीश असणार, निदान आरोपीच्या पिंजऱ्यातला नाही. चित्र उलटून नाव बघतो, तर तो निघतो रिचर्ड तिसरा. इंग्लंडच्या इतिहासातला सर्वांत बदनाम काका.

गोष्ट थोडक्यात सांगतो, म्हणजे पुढचं भांडण कळेल. १४८३ च्या एप्रिलमध्ये इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड वारला. त्याचा मोठा मुलगा बारा वर्षांचा, धाकटा नऊ वर्षांचा. काका रिचर्ड पालक नेमला गेला. जुलै उजाडला तेव्हा काका स्वतःच गादीवर होता आणि दोन्ही पोरं लंडनच्या टॉवरमध्ये. त्यानंतर ती पोरं कुणाला दिसली नाहीत. दोन वर्षांनी, १४८५ च्या ऑगस्टमध्ये, बॉस्वर्थच्या लढाईत रिचर्ड मारला गेला आणि हेन्री सातवा राजा झाला. पुढे शेक्सपिअरने रिचर्डला कुबड्या, वाळक्या हाताचा, पोरांचा मारेकरी म्हणून रंगभूमीवर उभा केला आणि तो तिथून आजतागायत खाली उतरलेला नाही.

ग्रँट पलंगावर पडल्या पडल्या हा खटला पुन्हा उघडतो. ब्रिटिश म्युझियममध्ये जुने कागद चाळणारा एक अमेरिकन तरुण, ब्रेंट कॅरेडाइन, त्याचे पाय होतो. आणि पोलिसी खाक्याने प्रश्न सुरू होतात. हे कुणी सांगितलं? त्याने स्वतः पाहिलं का? केव्हा लिहिलं? कुणाच्या ताटात जेवून लिहिलं? सगळ्यांचा भरवसा ज्याच्यावर तो टॉमस मोर. मोठा विद्वान, सज्जन, पुढे संतपद मिळालेला. पण रिचर्ड गादीवर बसला तेव्हा मोर होता पाच वर्षांचा! मग त्याला कुणी सांगितलं? तर लहानपणी तो ज्याच्या घरी राहिला त्या मॉर्टनने, आणि मॉर्टन हा रिचर्डचा हाडवैरी. झालं, ग्रँटच्या लेखी साक्ष बाद.

मग फायदा कुणाचा, हा प्रश्न. रिचर्डने पार्लमेंटकडून ठराव करून घेतला होता की भावाचं लग्नच कायदेशीर नव्हतं, म्हणून त्याची मुलं वारस नाहीत. ग्रँट म्हणतो, मग त्याला पोरं मारायची गरज काय? उलट हेन्रीला त्या पोरांच्या बहिणीशी लग्न करायचं होतं. तिला औरस ठरवायची तर तो ठराव रद्द करायला हवा, आणि तो रद्द झाला की भाऊही औरस. ते जिवंत असले तर गादी त्यांची. हेन्रीने तो ठराव सभेत न वाचताच रद्द केला आणि सगळ्या प्रती नष्ट करायला सांगितल्या. एक प्रत राहून गेली म्हणून आपल्याला मजकूर माहीत. शिवाय ज्या जेम्स टिरेलने खून केला म्हणतात, त्याला हेन्रीने १४८६ साली एका महिन्याच्या अंतराने दोन माफीनामे दिले. ग्रँट निकाल देतो: काका निर्दोष, हेन्री दोषी.

मी हे पुस्तक दीड दिवसात संपवलं. गुडघा दुखायचा विसरला. कट्ट्यावर घेऊन गेलो तेव्हा वाटलं होतं, सगळे डोक्यावर घेतील. तसं काही झालं नाही.

तरुण मंडळींची पहिली तक्रार अशी की यात काही घडतच नाही. एकाने विचारलं, “काका, खून पाचशे वर्षांपूर्वीचा, डिटेक्टिव्ह पलंगावर, नर्स येते, थर्मामीटर लावते, जाते. सस्पेन्स कुठे आहे?” त्याच्या उलट माझ्या वयाचे एकजण. त्यांचं बालपण बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि धनंजयवर गेलेलं. मला वाटलं हे तर पहिल्या प्रकरणातच फेकून देतील. पण त्यांनी ते दोनदा वाचलं. त्यांचं म्हणणं, आयुष्यभर पिस्तुलं खूप वाचली, पण सनावळी ताडून माणसाला खोटं पाडणं पहिल्यांदा वाचलं.

खरी कुरबूर मात्र आपल्या इतिहासाच्या बाईंनी सुरू केली. बत्तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवलेल्या. त्या पहिल्या रविवारी गप्प होत्या. दुसऱ्या रविवारी वही घेऊन आल्या. तेव्हाच मला कळलं की आता काही खरं नाही.

बाई म्हणाल्या, ग्रँट मोरला बाद करतो, ठीक. पण मोर सोडून दुसरा साक्षीदारच नाही असं दाखवतो, ते ठीक नाही. डॉमिनिक मान्चिनी नावाचा एक इटालियन १४८३ साली लंडनमध्येच होता. त्याने त्याच वर्षअखेर लिहून ठेवलं की मुलं टॉवरच्या आतल्या भागात नेली गेली, दिवसेंदिवस कमी दिसू लागली आणि मग दिसेनाशी झाली, आणि लोकांना तेव्हाच संशय होता. हा कागद फ्रान्समध्ये लील इथल्या ग्रंथालयात १९३४ साली सापडला, १९३६ मध्ये छापला गेला. टेबाईंनी पुस्तक लिहिलं त्याच्या पंधरा वर्षं आधी. मान्चिनीला हेन्रीशी काही देणंघेणं नव्हतं, तो कधीच परत गेला होता. कादंबरीत त्याला जवळजवळ जागाच नाही.

पुढे त्यांनी काढलं हेस्टिंग्जचं प्रकरण. जून १४८३ मध्ये रिचर्डने लॉर्ड हेस्टिंग्जला खटला न चालवता शिरच्छेदाला पाठवलं. चेहरा न्यायाधीशाचा म्हणता, मग हा कुठला न्याय? आणि ग्रँट म्हणतो हेन्रीने गादीवर आल्यावर रिचर्डवर जे आरोपपत्र केलं त्यात त्या दोन पोरांच्या खुनाचा उल्लेख नाही. नावं नाहीत हे खरं. पण लहान मुलांचं रक्त सांडल्याचा मोघम उल्लेख त्यात आहे. मोघम का होईना, आहे. तोही गाळला. माफीनामे तर त्या काळी सर्रास दिले जात, दोन मिळाले म्हणून खून सिद्ध होत नाही.

आमचे वकीलसाहेब, जे तोवर पुस्तकाच्या बाजूचे होते, ते खुर्चीत थोडे खाली सरकले.

आणि मघाशी ज्या काकूंनी चाळिसाव्या पानावर पुस्तक मिटलं म्हणालो ना, त्या तरीही दर रविवारी येत होत्या, शेव-चिवडा घेऊन. त्यांनी एकच प्रश्न विचारला. ग्रँटचा एक मोठा मुद्दा असा की पोरांची आई, जी मुलींना घेऊन चर्चच्या आश्रयाला बसली होती, ती १४८४ च्या मार्चमध्ये बाहेर आली आणि मुली तिने रिचर्डच्या स्वाधीन केल्या. मुलांच्या मारेकऱ्याच्या हाती कुठली आई मुली देईल? हा मुद्दा मला तर बिनतोड वाटला होता. बाईंनी वहीतून वाचून दाखवलं की ती बाहेर आली ते रिचर्डने सरदारांसमोर जाहीर शपथ घेतल्यावर, की या मुलींच्या जिवाला धोका होणार नाही. काकू चिवड्याची वाटी खाली ठेवून म्हणाल्या, “सख्ख्या दिराकडून मुलींच्या जिवाची शपथ घ्यावी लागते, म्हणजे तिला काय माहीत होतं ते तुम्हीच बघा.”

पुस्तक न वाचता बोलण्यावर माझा आक्षेप असतो. पण याला उत्तर नव्हतं.

बाईंनी आणखी एक गोष्ट काढली आणि ती मला जास्त लागली. या पुस्तकात ग्रँट आणि कॅरेडाइन एक शब्द वापरतात, टोनीपँडी. साउथ वेल्समधलं खाणकामगारांचं गाव. १९१० च्या नोव्हेंबरमध्ये तिथे संप झाला, दंगल झाली. लोकांमध्ये समज पसरला की चर्चिलने सैन्य पाठवून कामगारांवर गोळ्या झाडल्या. ग्रँट म्हणतो हे साफ खोटं, तिथे लंडनचे साधे पोलीस गेले, रक्त सांडलं ते नाकातलं. म्हणून सगळ्यांना खोटं माहीत असूनही चालू दिलेल्या इतिहासाला ते दोघं टोनीपँडी म्हणतात. कल्पना झकास आहे. मीही घरात दोन-तीनदा वापरली. पण तपासून बघितलं तर वेल्समधले वाचक या पानांवर चिडतात, आणि त्यात तथ्य आहे. टोनीपँडीत गोळीबार झाला नाही हे खरं. चर्चिलने आधी सैन्य थांबवून पोलीस पाठवले हेही खरं. पण नंतर सैन्य त्या भागात आणलं गेलं आणि महिनोन्‌महिने राहिलं. पोलिसांशी झालेल्या झटापटीत डोक्याला मार बसून सॅम्युएल ऱ्हीस नावाचा कामगार मेला. पुढच्याच वर्षी, १९११ मध्ये, वेल्समध्येच लॅनेली इथे सैनिकांनी दोन माणसं गोळ्या घालून मारली. लोकांच्या आठवणीत दोन प्रसंग एकमेकांत मिसळले असतील. पण ते ‘नाकातलं रक्त’ नव्हतं. म्हणजे खोटा इतिहास कसा तयार होतो हे शिकवणाऱ्या पानावरच टेबाईंनी थोडा तयार करून ठेवला.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगितल्याशिवाय पुढचं नीट सांगता येणार नाही.

१९८७ सालची हकीकत आहे. मी हावड्याच्या बाजूच्या एका कारखान्यात होतो. स्टोअरमधून गनमेटलचे व्हॉल्व्ह आणि फिटिंगं कमी भरली. स्टोअरकीपर मेदिनीपूरकडचा, पन्नाशीचा, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत न बघणारा. तीन जणांची एन्क्वायरी बसली, त्यात मी सगळ्यांत ज्युनियर. चार साक्षी झाल्या. चारही जणांनी सांगितलं की माल तोच बाहेर काढतो, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आम्ही विचारलं नाही की तुम्ही पाहिलंत का. खरं तर चौघांनी ते एकाच फोरमनच्या तोंडून ऐकलेलं होतं. त्याचं इन्क्रिमेंट थांबलं, बदली झाली. तीन महिन्यांत तो राजीनामा देऊन गावी गेला. दीड वर्षाने मोजदाद झाली तेव्हा कळलं की दुसऱ्या शेडला माल स्लिपशिवाय गेलेला होता आणि तिथेच पडून होता. फोरमनही चोर नव्हता. त्याची समजूत झाली होती, इतकंच. मी वरिष्ठांना सांगितलं. फाइल बंद आहे, म्हणाले. माझ्याकडे त्या माणसाचा पत्ता होता. मी पत्र लिहिलं नाही.

इस्पितळात पडल्या पडल्या जेव्हा वाचलं की मोरचं सगळं ज्ञान शेवटी एका मॉर्टनच्या तोंडापाशी जाऊन थांबतं, तेव्हा मी पुस्तक थोडा वेळ पालथं ठेवलं. नर्सला वाटलं गुडघा दुखतोय.

कट्ट्यावर मी हे सांगितलं ते पुस्तकाच्या बाजूने म्हणून सांगितलं. बघा, किती खरं आहे. बाईंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि फार हळू आवाजात म्हणाल्या, “म्हणूनच तुम्हाला रिचर्ड निर्दोष हवा आहे.”

मंडळी, मला त्या रात्री झोप लागली नाही. कारण ते खरं होतं. मी मान्चिनीकडे कानाडोळा केला असता, हेस्टिंग्जकडे केला असता, शपथेकडे तर केलाच होता. एका माणसाला ऐकीव गोष्टीवर दोषी धरलं म्हणून आता दुसऱ्याला चेहऱ्यावर निर्दोष धरायला मी निघालो होतो. ग्रँट तरी दुसरं काय करतो? सुरुवात चित्रापासून. माझा स्टोअरकीपर चित्रात असता तर ग्रँटने त्याला पिंजऱ्यातच बसवला असता.

तिसऱ्या रविवारी अर्थातच व्हायचं ते झालं, आपण सगळे पुण्याला जाऊन पोचलो. काका, पुतण्या, गादी, आणि वाड्यातला खून म्हटल्यावर मराठी माणूस लंडनमध्ये किती वेळ थांबणार? नारायणराव पेशव्यांचा खून ३० ऑगस्ट १७७३ ला शनिवारवाड्यात झाला. तिथी भाद्रपद शुद्ध त्रयोदशी. म्हणजे गणपतीचे दिवस, दुसऱ्या दिवशी अनंत चतुर्दशी. वय अठरा. काका रघुनाथराव त्याच वाड्यात नजरकैदेत. सुमेरसिंग गारदी वगैरे मंडळींनी काकांच्या समोर पुतण्याला कापलं. ‘काका, मला वाचवा’ ही हाक आपण लहानपणापासून ऐकत आलो आणि तिची कधी कधी चेष्टाही केली. वकीलसाहेबांनी विचारलं, मग आपला शेक्सपिअर कोण? उत्तर सोपं होतं. खाडिलकरांचं ‘भाऊबंदकी’ १९०९ सालचं, आणि पुढे प्रभातचा १९४४ चा ‘रामशास्त्री’. आपल्या मनातले राघोबादादा आणि आनंदीबाई हे बरेचसे तिथले.

पण इथे एक फरक आहे आणि तो सांगावासा वाटतो. राघोबादादांवरचा आरोप तीस-पस्तीस वर्षांनी दुसऱ्या घराण्याच्या आश्रितांनी रचलेला नाही. चौकशी लगेच झाली, रामशास्त्री प्रभुण्यांनी केली, आणि ती केली तेव्हा आरोपीच सत्तेवर होता. रामशास्त्र्यांना खरं बोलून काही मिळायचं नव्हतं, होतं ते जायचं होतं. त्यांनी पुणं सोडलं. ग्रँटच्या कसोटीला ही साक्ष उतरते. नाटकातले त्यांच्या तोंडचे संवाद खरे असोत वा नसोत.

आनंदीबाईंचं मात्र तसं नाही. ‘ध’ चा ‘मा’ केला म्हणतात, धरावे चं मारावे. तो कागद कुठे आहे? कुणाच्या हाती लागलेला नाही. एक म्हण झाली आणि एक बाई अडीचशे वर्षं त्या म्हणीत अडकली. काकू म्हणाल्या, “बाईच्या नावावर खपतं.” त्यावर अर्धा तास गेला, तो मी गाळतो.

या सगळ्याच्या मध्ये आमचे दादा बसले होते. माझे जुने सहकारी, बंगाली, मराठी उत्तम समजतं, बोलतात मात्र हिंदीत. शरदिंदु बंद्योपाध्यायांचे भक्त. तुम्हाला व्योमकेश बक्षी माहीत आहे. पण त्याचे जनक १९५२ पासून पुण्याला जाऊन राहिले आणि त्यांनी शिवकालातल्या सदाशिव नावाच्या मराठी पोराच्या गोष्टी बंगाली मुलांसाठी लिहिल्या, हे दादांनी आम्हाला सांगितलं. त्यांना टेबाईंचं पुस्तक आवडलं होतं, पण एका वाक्यावर ते अडले. आमच्यापैकी कुणीतरी म्हणालं, शेवटी इतिहास जिंकणारेच लिहितात. दादा म्हणाले, हे तुम्ही मराठी लोकांनी बंगालमध्ये बसून म्हणू नये. १७४२ पासून जवळजवळ दहा वर्षं नागपूरच्या भोसल्यांच्या फौजा, म्हणजे आमचे बर्गी, इकडे आल्या. त्यांच्याविषयी आमच्याकडे जे आहे ते लुटलेल्यांनी लिहिलंय. गंगारामचं ‘महाराष्ट्र पुराण’ त्याच काळातलं, १७५१ च्या सुमाराचं. गावं कशी जळली, लोक कसे पळाले, आणि भास्करपंतांनी दुर्गापूजा मांडली, हेही त्यात आहे. लिहिणारा दुखावलेला आहे, तटस्थ नाही. मग ग्रँटच्या न्यायाने त्याची साक्ष बाद करायची? ज्याचं घर जळलं तो तटस्थ कसा असणार?

कुणी काही बोललं नाही. इथे जन्म काढलेल्या आपल्यापैकी बहुतेकांनी ते बर्गींचं अंगाईगीत शेजारच्या घरातून ऐकलेलं आहे, आणि ऐकून न ऐकल्यासारखं केलेलं आहे.

आता हाडांबद्दल सांगतो, कारण त्याशिवाय हा खटला पुरा होत नाही आणि टेबाईंना ते माहीत असणं शक्य नव्हतं. २०१२ च्या ऑगस्टमध्ये लेस्टर शहरात एका कार पार्कखाली, जिथे पूर्वी मठ होता, एक सांगाडा सापडला. रिचर्डच्या बहिणीच्या मुलींकडून आलेल्या वंशातल्या हयात माणसाशी डीएनए जुळला आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये जाहीर झालं की हा तिसरा रिचर्डच. २०१५ मध्ये त्याला लेस्टरच्या कॅथीड्रलमध्ये पुन्हा पुरलं. त्या शोधामागे रिचर्डच्या चाहत्यांची सोसायटी होती, आणि त्यांतल्या कित्येकांना या वेडाची लागण टेबाईंच्या पुस्तकाने झालेली. सांगाडा काय सांगतो? हात वाळलेला नव्हता. कुबड नव्हतं. पण पाठीचा कणा एका बाजूला चांगलाच वाकलेला होता, त्यामुळे एक खांदा वर. म्हणजे शत्रूंनी वाढवून सांगितलं, पण हवेतून काढलं नाही. आपल्या कट्ट्यावरच्या डॉक्टरीणबाईंना हे फार आवडलं. त्यांच्या मते दोन्ही पक्षांना अर्धे अर्धे मार्क देणारा हा पहिलाच पेशंट.

पोरांचं काय झालं ते सांगाडा सांगत नाही. टॉवरमध्ये १६७४ साली जिन्याखाली काही हाडं सापडली होती, ती वेस्टमिन्स्टर अ‍ॅबेत कलशात आहेत. १९३३ मध्ये तपासली तेव्हा डीएनए नव्हता. आणि २०२० साली टिम थॉर्न्टन या इतिहासकाराने दाखवलं की ज्यांनी खून केला असं मोर लिहितो, त्यांपैकी एकाचे मुलगे मोरच्याच काळात राजदरबारी नोकरीला होते आणि मोरला त्यांना भेटता आलं असणार. म्हणजे सगळं मॉर्टनच्या तोंडचं नसेलही. उलट २०२३ मध्ये फिलिपा लँगली, ज्यांनी कार पार्क खणायला लावला त्याच, त्यांनी पुस्तक काढलं की दोन्ही मुलं जिवंत सुटली होती. थोडक्यात, आपण भांडत होतो तसेच तेही भांडतायत.

तिसऱ्या रविवारी शेवटी हात वर करून मत घेतलं. दोषी म्हणणारे सहा, निर्दोष म्हणणारे चार. मी दोन्ही वेळा हात खालीच ठेवला. पुस्तक चांगलं की वाईट, यावर मात्र बाईंचाही हात वर गेला, चांगलं म्हणून. वहीत सव्वीस चुका लिहून आणलेल्या बाई! मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, “बत्तीस वर्षं शिकवलं, पण एकाही मुलाने मला विचारलं नाही की बाई, हे तुम्हाला कुणी सांगितलं. हे पुस्तक वाचून तुम्ही पंधरा म्हातारे विचारायला लागलात.”

त्या स्टोअरकीपरच्या गावी मी जूनमध्ये पत्र टाकलं. पत्ता छत्तीस वर्षांहून जुना. अजून उत्तर नाही आणि पत्र परतही आलेलं नाही.

पुस्तकाची प्रत सध्या काकूंकडे आहे. त्या पुन्हा पहिल्या पानापासून वाचतायत. मी त्यात एक वंशावळ काढून ठेवली आहे, सगळ्या एडवर्डांना वेगवेगळ्या रंगांत. ज्यांना हवं असेल त्यांनी मागच्या टेबलावरच्या वहीत नाव लिहावं. वंशावळीचा कागद सुटा आहे, तेवढा सांभाळा.

गणपती बाप्पा मोरया.